भिंगारच्या विक्रीतली चांदी

भिंगार,
५ जानेवारी २०२५

ति. मरियाताई यांस,
नॅन्सीचा सप्रेम सलाम, वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि मोबाईलची बारीक अक्षरं तुम्हाला सोसत नाहीत, म्हणून पुन्हा कागद-पेन. तुमचे भाऊ म्हणतात, ताईच्या कानांमुळे माझ्या बायकोचं अक्षर सुधारलं. नाताळच्या करंज्या पोचल्या. डबा उघडल्यावर मला जेमतेम दोन मिळाल्या, यावरून काय ते समजा.

आता खरी बातमी. इथं मिलिटरीतल्या साहेबांची बदली झाली की जाण्याआधी अंगणात सामान मांडून विकतात, हे तुम्हाला माहीत आहेच. शाळा सुटल्यावर मी सहज एका विक्रीला गेले होते. स्टीलच्या चमच्यांचा एक जुडगा घेतला. घरी चिंचेने घासायला बसले, तर त्यातला एक काही केल्या स्टीलसारखा दिसेना. मागे नखाएवढा सिंहाचा शिक्का. सराफाकडे नेला, त्याने कानशीने कड घासून पाहिली आणि सांगितलं, मुलामा नाही, आतपर्यंत चांदी आहे. ताई, मी दुकानातच हसले! तेव्हापासून एकही विक्री सोडली नाही. एक तुटकी साखळी, एका घड्याळाचं झाकण आणि एक अत्तरदाणी सापडली, सगळी अस्सल. तुमचे भाऊ आल्यागेल्याला सांगतात की आमच्या घरात पारखी नजर फक्त नॅन्सीची.

येत्या १८ तारखेला, शनिवारी, एका मेजरसाहेबांकडे विक्री आहे. शेजारची रुपाली त्यांच्याकडे कामाला जाते, म्हणून मला आधीच आत डोकावता आलं. स्वयंपाकघरातल्या सामानाचं एक खोकं आहे, त्याच्या तळाशी काळीकुट्ट पडलेली वाटी. हाताला अशी जड लागली की विचारू नका. शनिवारी शाळेत पालकसभा आहे, तरी अकरापर्यंत पोचेन. त्या वाटीकडे दुसऱ्या कुणाचं लक्ष जायचं नाही.

मनवाच्या बाप्तिस्म्याची तारीख कळवा. आजी झाल्याबद्दल तुम्हाला मिठाई मागायची राहिली आहे. मोठ्यांना सलाम, बाळाला पापा. माया आहे ती अशीच राहू द्या.

तुमची,
नॅन्सी

---

घोडेगाव,
११ जानेवारी २०२५

चि. सौ. नॅन्सी हिस,
मरियाताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. तुला चांदी सापडली, आनंद वाटला. तरी एका सराफावर भिस्त ठेवू नये. दुसऱ्याला दाखव. हल्ली मुलामासुद्धा जाड देतात.

सॅमचंही पत्र आलं. बहिणीची चौकशी शेवटच्या ओळीत, वर सगळीकडे तूच. नॅन्सीने हे शोधलं, नॅन्सीने ते ओळखलं. या सॅमला कडेवर घेऊन मी नगरच्या जुन्या बाजारात हिंडायची, आणि नुसता आवाज ऐकून पितळ कुठलं, कासं कुठलं हे सांगायची. वडील चार माणसांत म्हणायचे, मरियाच्या हाताला धातू कळतो. तू लग्न होऊन आलीस तेव्हा बाजारात नाकाला पदर लावायचीस. सॅमला ते आठवत नाही. असो.

इथं बाजारच्या दिवशी मीही भंगारवाल्या भीमाबाईकडे बसते. ढीग उपसून हात काळे झाले, पण चांदीचा कण नाही. भीमाबाई म्हणाली, मावशी, हितं समदं जनावरांच्या साखळ्या अन् पत्रेच येत्यात, चांदी कुठली यायची? तिला हसू येत होतं. मला आलं नाही.

बाप्तिस्मा फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी आहे. सूनबाई बरी आहे. मनवाचा रंग आमच्याकडचा आहे.

तब्येतीला जप, फार उन्हात हिंडू नकोस. आशीर्वाद आहेतच.

मरियाताई

---

भिंगार,
१९ जानेवारी २०२५

ति. मरियाताई यांस सलाम.

काल सभा आटोपून धावत मेजरसाहेबांकडे गेले. ते खोकं नव्हतं. रुपालीला विचारलं, तर म्हणाली की सकाळी दार उघडायच्या आधीच एक बाई फाटकाशी उभ्या होत्या. खाकी शाल, कानात यंत्र, हातात छत्री. बाकी कशाकडे पाहिलं नाही, सरळ खोक्याकडे गेल्या, ते उचललं आणि रिक्षात बसल्या. रुपालीने तुम्हाला ओळखलं, ताई. आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला तिनेच तुम्हाला जेवण वाढलं होतं.

वाटी गेली याचं मला वाईट वाटलं, नाही कशाला म्हणू? रात्री जेवण गेलं नाही. पण घोडेगावाहून पहाटेची एस.टी. पकडून तुम्ही भिंगारला आलात, आमच्या गल्लीच्या तोंडावरून गेलात आणि चहालासुद्धा आला नाहीत. तुमचे भाऊ घरीच होते. मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

नॅन्सी

---

घोडेगाव,
२५ जानेवारी २०२५

चि. सौ. नॅन्सी हिस आशीर्वाद.

आले होते. चोरून नाही, दिवसाउजेडी आणि रोख पैसे मोजून. विक्री सगळ्यांसाठी असते, तिथं कुणाचं नाव लिहून ठेवलेलं नसतं. सॅमला खुशाल सांग.

आणि तू विचारणारच, म्हणून कळवते. वाटी अस्सल चांदीची आहे. सोबत छोटा चमचाही निघाला, तोही चांदीचा. सोनईच्या सराफाने दोनदा तपासलं. राखेने घासल्यावर अशी उजळली की सूनबाईने त्यात तोंड पाहिलं. चार दिवस ती दर्शनी फळीवर ठेवली होती. भीमाबाई मुद्दाम येऊन पाहून गेली, आणि या वेळी हसली नाही.

घरी का आले नाही, विचारतेस. आले असते तर खोकं तुझ्यासमोर उघडावं लागलं असतं. वाटी पाहून ती खरी आहे की खोटी हे तू पहिल्यांदा सांगितलं असतंस आणि सॅमने मान डोलावली असती. मला ते नको होतं. ही एक गोष्ट माझ्या हातांनी ओळखायची होती.

मनवाला बाप्तिस्म्याचे वाळे करायचे आहेत. वाटी-चमचा आटवायला सराफाकडे देते आहे. तुम्ही दोघं या. वाळे बघायला मिळतील.

मरियाताई

---

भिंगार,
६ फेब्रुवारी २०२५

ति. मरियाताई यांस,
नॅन्सीचा सलाम.

वाटी-चमच्याची मूळ मालकीण ते परत मागते आहे, असा निरोप तुमच्या सूनबाईला फोन करून दिला होता. ती सांगते की तुम्ही ऐकून हसलात आणि म्हणालात, नॅन्सीला बघवत नाही म्हणून तिने हे रचलं. म्हणून हे पत्र. रागावून फाडायचं तर फाडा, पण वाचून मग फाडा.

मेजरसाहेबांच्या पत्नींचा पठाणकोटहून फोन आला होता. तिकडं सामान लावताना त्यांच्या लक्षात आलं की वाटी-चमचा चुकून विक्रीच्या खोक्यात गेला. बांधाबांध त्यांनीच केली होती, दुसऱ्या कुणावर त्या बोट ठेवत नाहीत. ते खोकं नेणाऱ्या बाई माझ्या ओळखीच्या, हे रुपालीने सांगितलं, म्हणून मला फोन. त्यांच्या पहिल्या मुलीला त्या वाटीतून भात भरवायच्या. मुलगी वर्षाची व्हायच्या आत गेली. तिला नुकतेच दात आले होते आणि ती चमचा तोंडातून सोडायची नाही. चांदी मऊ, म्हणून चमच्याच्या टोकाला तिच्या दातांच्या खुणा उमटल्या आहेत, डाव्या बाजूला. बाई हिंदीत बोलत होत्या. सांगता सांगता त्या रडल्या.

मी तो चमचा कधी पाहिलेला नाही. खोक्यात मला वाटीच दिसली होती. तुमच्याकडे असेल तर टोक बघा. खुणा नसतील तर मी खोटी, आणि पुन्हा तुमच्या दारात येणार नाही.

वाटी मला द्या असं म्हणत नाही. माझ्या हातातून जायलाच नको. त्यांचा पत्ता मागे लिहिला आहे, परस्पर पाठवा.

नॅन्सी

---

घोडेगाव,
१४ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. नॅन्सी हिस,
मरियाताईचे मनापासून आशीर्वाद.

तुझं पत्र हातात पडलं तेव्हा भाकरी तव्यावर होती. ती तशीच सोडून सोनईची गाडी धरली.

त्या खुणांबद्दल मी तुला लिहिलं नव्हतं. कुणालाच बोलले नव्हते. घासताना बोटाला लागल्या आणि मला वाटलं, जन्मात एकदा चांदी सापडली, तीही चेपलेली. तू हसशील म्हणून गप्प राहिले. त्यामुळे वाचल्याबरोबर कळलं की तू खोटं बोलत नाहीस.

सराफाच्या दुकानात पोचले तर वाटी आटवून झाली होती. वाळे तयार होते, दोन्ही, घुंगरांसकट. चमचा विचारला, तर त्याने खणातून पुडी काढली. वाळ्यांना वाटीचीच चांदी पुरली म्हणून चमचा त्याने तसाच ठेवला होता. तिथंच बाकावर बसून मी टोकावरून बोट फिरवलं. मनवाला परवाच खालचा दात आलाय. माझं बोट ती असंच चावते.

घरी येऊन वाळे मनवाच्या पायाशी धरले, पण घातले नाहीत. चमचा आणि वाळे एकाच डबीत ठेवून रजिस्टर पोस्टाने पठाणकोटला पाठवले. वाटीचं काय झालं ते चिठ्ठीत स्पष्ट लिहिलं आहे. बाईंना ते वाचून काय वाटेल, देव जाणे.

एक सांगते, नॅन्सी. अजूनही माझा जीव जळतो. वाटी माझ्या घरात होती, घासली मी, मोडली मी, आणि ती आई रडली तुझ्याशी. तिच्या मुलीचं नाव तुला माहीत असणार. मला माहीत नाही. रोज प्रार्थनेला बसते, पण नावच माहीत नाही, तर प्रार्थना करू कशी? मला कळव.

सॅमला सगळं सांगितलं असशीलच. त्याला म्हणावं, ताई पुढच्या वेळी चहाला येईल. माझ्यावर राग असेल तर धरून ठेव, पण बाप्तिस्म्याला या.

तुझी,
मरियाताई

---

भिंगार,
१९ फेब्रुवारी २०२५

ति. मरियाताई यांस,
नॅन्सीचा सप्रेम सलाम, वि. वि.

काल संध्याकाळी पठाणकोटहून फोन आला. डबी मिळाली. बाईंनी चमचा जवळ ठेवून घेतला. वाटीबद्दल म्हणाल्या की वाळे त्या परत पाठवत आहेत, बाप्तिस्म्याला बाळाच्या पायात घालावेत, त्यांच्याकडे वाटी रिकामीच राहिली असती, त्यापेक्षा ते बरं.

त्या माझे आभार मानू लागल्या. ताई, दोन वाक्यं मी मानू दिले. ऐकायला इतकं गोड लागत होतं! मग सांगितलं की तुमची वस्तू माझ्या नणंदेने ओळखली, त्यांनीच शोधून पाठवली, मी मधली निरोप्या. तुमचं नाव घेण्याआधी दोनदा खाकरले, पण घेतलं. नजर आमच्या ताईंचीच, हेही म्हणाले. तुमचे भाऊ शेजारी बसून ऐकत होते. त्यांना वाटलं, मला सर्दी झाली आहे.

मग मुलीचं नाव विचारलं. मलाही माहीत नव्हतं. त्या दिवशी विचारायचा धीर झाला नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. काल त्या म्हणाल्या की ते नाव घरात कुणी उच्चारत नाही, फोनवर तर त्यांना जमायचंच नाही. ज्यांनी चमचा परत केला, त्यांना त्या ते लिहून कळवतील. मी म्हटलं, मला सांगा, मी पोचवते. तर नाही म्हणाल्या.

म्हणजे पत्र तुम्हाला येणार, वाळ्यांसोबत, हिंदीतून, त्यांच्या हातचं. आम्ही रविवारी पहिल्या गाडीने येतो आहोत. मला ते वाचायला द्यायचं की नाही, हे तुम्ही ठरवा. मी मागणार नाही. पण कालपासून माझा जो जळफळाट चालला आहे, तो तुमच्याशिवाय या घरात कुणाला कळायचा नाही.

लहानग्या मनवाला पापा. तुमच्या मनात माझ्यासाठी थोडी जागा असू द्या.

तुमचीच,
नॅन्सी