तुझ्या सुरकुत्या कशा परत आल्या

चि. धाकटीस थोरलीचे ओंजळभर आशीर्वाद.

मी ठणठणीत आहे, गुडघे सोडून. तुझा खोकला काय म्हणतो? औषध घेतेस, की बाटली उशाशी ठेवून नुसती बघतेस?

पत्राला कारण तुझा फोटो. माझ्या नातीने तुला काळी शाल पांघरून खिडकीपाशी बसवलं होतं ना, तो. स्टुडिओवाल्याने तिला बजावलं होतं, शनिवारपर्यंत असा चेहरा आण की काळ्यातलंही दिसेल आणि पांढऱ्यातलंही, तरच कामावर ठेवतो. म्हणून शालीची वीण उमटावी इतका उजेड तिने फिल्मला मुद्दाम जास्त दिला. (तू "मेलं किती वेळ हलायचं नाही?" म्हणून कुरकुरत होतीस, ते यासाठी.) असा जास्त उजेड दिला की फिल्म धुवायच्या औषधात कमी वेळ ठेवायची, नाहीतर पांढऱ्याचा नुसता चुना होतो. हे शहाणपण मला आत्ता आलंय. त्या दिवशी तिने फिल्मच्या बंद डब्यात औषध ओतलं आणि नेमका फोन वाजला. "आजी, आठ मिनिटांनी ओतून टाक, आणि मिनिटाला एकदाच डबा हळू उलटा कर," म्हणून ती गेली. बाटलीवर बघते तर अकरा. (आकडे मला येतात, शाळेत तेवढंच पदरात पडलं.) म्हटलं पोरगी घाईत आहे, बहिणीचा फोटो कच्चा राहायला नको. चांगली अकरा मिनिटं ठेवलं, आणि डबा खुळखुळ्यासारखा सारखा हलवला.

पहिला फोटो निघाला, तर तुझ्या तोंडावर एक सुरकुती नाही! नाकसुद्धा जेमतेम. मला फार आवडला. नात मात्र मटकन खाली बसली. "आजी, मावशीआजीचं तोंड गेलं!" म्हटलं, गेलं कुठे, उजळलं की! तेव्हापासून घड्याळ माझ्या हातात देत नाही. मग दोन दिवस ती न्हाणीघरात लाल दिवा लावून. कागदावर उजेड पाडायचा, शालीवर हाताची सावली धरायची, आणि तुझ्या तोंडाला आणखी उजेड, आणखी उजेड. फिल्मवर पांढरं ते काळं उमटतं, आणि तुझ्या तोंडाच्या जागी ती इतकी दाट झालेली की उजेड आरपार जाईना. शुक्रवारी आतून ओरडली, "आली! डोळ्याखालची आली!" तुझ्या सुरकुतीचा एवढा आनंद तुला तरी कधी झाला होता का?

स्टुडिओवाल्याने भिंग लावून शाल बघितली, केस बघितले, आणि सोमवारपासून ये म्हणाला. पोरगी रडली, मग मीही रडून घेतलं.

बाकी सगळं क्षेम. खोकल्याचं कळव.

तुझी थोरली

ता.क. खरं काम राहिलंच. तो फोटो मोठा करून स्टुडिओवाल्याला दुकानाच्या काचेत लावायचाय. तुझी परवानगी हवी. नाही म्हणणार असशील तर ताबडतोब कळव.

आणखी ता.क. ताबडतोब कळवूनही उपयोग नाही, परवाच लावला. काल मी बघायला गेले होते. शेजारी उभ्या बाईने विचारलं, "तुमच्या आई का?" इतकं कौतुकाने विचारत होती, मला नाही म्हणवेना.