महाराजांच्या जपानातली साल

कोबे, जपान
श्रावण, सन १९३३

चि. तुळशीरामले कडूबादादाचा समुद्रापलीकडून आशीर्वाद.

मी अन् आपले मठाचे महाराज सुखरूप पोचलो. बोटीत मले ओकाऱ्या झाल्या, ते तुह्या वहिनीले सांगू नको.

मोताळ्यात महाराज दरसाल कीर्तनात सांगत, "जपान म्हणजे बुद्धाची भूमी. तिथं मुंगीलेही कोणी मारत नाही." म्हणून तर कापसाच्या शेठजीनं त्यायले इकडं धाडलं, अन् रांधायले मले. पण इथलं पातळ कढण महाराजायले इतकं आवडलं, का माह्या हातचं वरण बंदच झालं. रोज तीन वाट्या पितात अन् म्हणतात, "कडूबा, ही ऋषींच्या आश्रमातली चव!"

त्या कढणात लाकडासारखी कडक साल रंध्यावर किसून टाकतात. काल मी रांधणाऱ्या बाईले खुणेनं विचारलं, कोणत्या झाडाची? ते हासली, अन् हात जोडून पाण्यात पोहल्यावाणी वळवळून दाखवले.

तुळशीराम, तो वाळवलेला मासा हाय बे!

महाराजायले सांगाची माही हिंमत नाही. मायचे गुडघे कसे हायेत? कपाशी निंदून झाली काय?

आता नीट वाच. महाराजायनं पाच शेर साल बांधून घेतली, कार्तिकी एकादशीले साऱ्या गावाले फराळात कढण पाजाचं म्हणून. आम्ही दिवाळीच्या आधी येतो, दिवस तारेनं कळवतो. तू मलकापूरच्या टेसनावर ये, अन् शेजारच्या गोजरबाईची दोन्ही मांजरं टोपलीत घालून आण. त्यायले आदल्या दिवशी उपाशी ठेव.

तुहा दादा,
कडूबा