बॉयलरखालची भुकटी

३ जानेवारी
सत्तराव्या वर्षी नोकरी लागली! इस्पितळाच्या तळघरात बॉयलरवर देखरेख. लेक म्हणाली, बाबा, जपून. मी जपूनच असतो. कुलूप तीनदा ओढून पाहणारा माणूस मी. खोली उबदार आहे. छताखालून जाड नळ गेलेत, त्यांना पांढरं, कापसासारखं वेष्टन. जागोजागी फाटलंय, खाली मऊ भुकटी पडते. खोली झाडून लख्ख केली.

९ जानेवारी
रोज झाडतो, रोज तेवढीच पडते. झरोक्यातल्या उन्हात पाहिलं तर भुकटी खाली बसतच नाही, तरंगत राहते. संध्याकाळी लेक गॅलरीत माझा शर्ट झटकते आणि हसते. म्हणते, पिठाच्या गिरणीत लागलात की काय?

१४ जानेवारी
नळ दुरुस्त करायला फिटर आला. मास्क बांधल्याशिवाय आत येईना. माझ्या हातात झाडू पाहून तोच घाबरला. "काका, हे अॅस्बेस्टॉस आहे. कोरडं झाडून तुम्ही ते हवेत उडवताय." फुप्फुसात वीस-तीस वर्षं दबा धरून बसतं म्हणे. मला हसू आलं. तेवढी वर्षं माझ्याकडे आहेत कुठे?
मग त्याने आधीच्या रखवालदाराचं सांगितलं. तो दम लागून गेला. पाठोपाठ बायको, तशीच. ती तळघरात कधी उतरलीच नव्हती. त्याचे कपडे धुवायची.

१५ जानेवारी
लेक पस्तिशीची आहे. तिच्याकडे ती वर्षं आहेत.
कालपासून शर्ट मीच भिजवतो. ती विचारते, रागावलात का?

१६ जानेवारी
मॅनेजरला सांगितलं. तो म्हणाला, सोमवारी तपासनीस येतोय, त्याआधी झाडून घ्या, वरून रंग मारू. मी नाही म्हणालो. जन्मात पहिल्यांदा साहेबाला नाही म्हटलं.

सोमवार
झाडू मोडला. दाराला कुलूप, किल्ली माझ्या मुठीत. पायरीवर बसलोय. तपासनीस आल्याशिवाय उघडणार नाही.
मॅनेजर रंगाऱ्यांना घेऊन — जिन्यात पावलं —
कुलूप तीनदा ओढून पाहिलं. येऊ देत.
शर्ट घरी बादलीत बुडवलाय. पोरी, त्याला हात लावू नकोस. गॅलरी कोरडी झाडू नकोस, ओल्या फडक्याने — अकरा वेळा झटकलास तू तो, मी मोजलंय — आणि मी शेजारी उभा राहून हसत —