बारा सेकंदांचा वचपा

३ मार्च, सोमवार
अकरा महिने या डायरीकडे फिरकलो नाही, माफी असावी. आज राग मावत नाही म्हणून आलो, हेही फारसं सभ्य नाही.

प्रकाशनसंस्थेचं डिजिटल भांडार नऊ वर्षं मी सांभाळतोय. हस्तलिखितं, करार, फोटो. प्रत्येक प्रकाराला वेगळा इंडेक्स, तोही मीच बांधलेला. प्रकार सांगा, उत्तर अर्ध्या सेकंदात. आज मीटिंगमध्ये नव्या मॅडम सगळ्यांदेखत म्हणाल्या, एक करार सापडायला बारा सेकंद लागले. संचालकांनी माझ्याकडे पाहिलं. गुरुवारी आढावा. भांडार माझ्याकडे राहणार की मॅडमकडे जाणार, ते तेव्हा ठरणार.

मॅडमनी प्रकार सांगितलाच नसणार. मग मशीन बिचारं साडेसहा लाख दस्तऐवज एकेक उघडून बघतं. पुराव्यासकट मॅडमचं नाक कापणार.

रात्री बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “त्या वाईट आहेत की बरोबर आहेत, ते आधी ठरव.”

४ मार्च
मी हे सूडापोटी करतोय का? प्रामाणिकपणे तपासलं. तीस टक्के. आंघोळीनंतर पुन्हा तपासलं. सत्तर.

११.२० : पाळत सुरू. मॅडमनी हात लावलेला प्रत्येक दस्तऐवज माझी शोध-क्वेरी दर मिनिटाला शोधून काढणार. प्रकाराची अट घातली नाही. काही निसटायला नको.

५ मार्च
सगळं ऑफिस रखडलंय. मुखपृष्ठवाला चित्रकार म्हणाला, फोटो उघडेपर्यंत माझा चहा पिऊन होतो, कपही विसळून होतो. मी नुसतं मॅडमच्या टेबलाकडे पाहिलं. मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

एकट्या बाईनं एवढा गोंधळ कसा घातला, हे मात्र कळत नाही. कर्तबगार आहेत, मान्य करायला हवं.

६ मार्च, गुरुवार
मंद क्वेरींची यादी छापली. मुद्दाम वाचली नाही. मन कलुषित नको. जाडी पाहूनच समाधान वाटलं.

संचालकांनी वाचली. पहिली सत्तावन्न पानं एकाच लॉगिनची. त्यांनी विचारलं, हे लॉगिन कुणाचं?

मी घसा साफ करेपर्यंत मॅडम म्हणाल्या, “देखरेखीची क्वेरी आहे, सर. मीच यांना लक्ष ठेवायला सांगितलं होतं.”

भांडार मॅडमकडे गेलं. मी त्यांच्या हाताखाली. तेही त्यांनीच मागून घेतलं.

बाहेर आल्यावर मला हळूच म्हणाल्या, “करारांचा इंडेक्स तुम्ही दुरुस्तीसाठी बंद केला होतात ना? परत चालू करायचा राहिला होता. मी केलाय.”

सभेत याबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. इतका चांगुलपणा मी विसरणार नाही. याचा वचपा काढल्याशिवाय राहणार नाही.

५.४० : चित्रकार पुन्हा कप विसळतोय.

उद्या : पाळतीची क्वेरी बंद करणे.