पुन्हा तपासायचं रक्त

बाबा, आज रत्नागिरीच्या आमच्या रक्तपेढीत नवीन किट पारखायला घेतलं. काविळीच्या विषाणूविरुद्धच्या अँटिबॉडी रक्तात आहेत का, हे ते सांगतं. ते खरं सांगतं का, हे आम्ही बघतो. ज्यांचं निदान पक्कं ठाऊक आहे असे नमुने त्याला द्यायचे. बाधित कुठे सुटतो, निरोगी कुठे उगाच अडकतो, ते टिपायचं. दुपारी एका निरोगी माणसाच्या नमुन्याला त्याने बाधित ठरवलं, आणि मला तुम्ही पडवीत बसलेले दिसलात.

गावच्या जयंती-उत्सवातल्या शिबिरात तुम्ही दरवर्षी रक्त द्यायचात. त्या वर्षी तुमच्या शाळेत फोन आला, "गुरुजी, तुमच्या रक्तात काविळीचं काहीतरी दिसतंय, पुन्हा तपासायला या." घरी येऊन तुम्ही आम्हाला सांगितलंत आणि ताट-पेला घेऊन पडवीत वेगळे जेवायला बसलात. मी जवळ आले की तुम्ही हाताने थांबवता. आई बांगड्याच्या आमटीचं पातेलं घेऊन बाहेर येते, तुमच्यासमोर बसते आणि तुमच्याच ताटातला भात कालवते. "वायलं कशाला बसता? काय व्हायचं ता होऊ दे." तुम्ही मान वर करत नाही. त्या आमटीतल्या तिरफळांचा वास मला अजून येतो.

दुसऱ्या तपासणीत काहीच निघालं नाही. रक्तपेढीतल्या डॉक्टरबाईंनी समजावलं, "पहिली चाचणी मुद्दाम संशयी ठेवतात, गुरुजी. बाधित पिशवी सुटता कामा नये." तुम्ही शांतपणे म्हणालात, "ते बरोबरच आहे, बाई. पण ही चूकही असू शकते, एवढं तरी सांगायचं होतं." परतताना एसटीत मला खिडकी दिलीत आणि आपलं पूर्णगड येईपर्यंत वर्गातल्यासारख्या मोठ्याने कविता म्हणत होतात. लोक वळून बघत होते. तुम्हाला त्याचं काही नव्हतं.

आज कंपनीचा माणूस म्हणाला, "एवढं चालतं, मॅडम." चालतं, ते मलाही ठाऊक आहे. किट चांगलं आहे. एकही बाधित नमुना त्याच्याकडून सुटला नाही. ते घ्यावं असंच मी अहवालात लिहिलं. फक्त खाली एक ओळ घातली, की पहिल्या चाचणीवरून रक्तदात्याला फोनवर काही सांगू नये, समोर बसवून सांगावं. सही करताना बरं वाटलं.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच, म्हणून एक सांगून टाकते. शिबिरांत मी इतकी वर्षं दुसऱ्यांचं रक्त घेते, पण स्वतः एकदाही दिलेलं नाही. कोणी विचारलं की हिमोग्लोबिन कमी आहे म्हणते. तसं ते कमी नाही, बाबा.