पेसहाच्या अप्पमची सुरी

कोळंचेरी,
शुभ शुक्रवार, संध्याकाळ

प्रिय चेच्चीस,

तुझ्या धाकट्या बहिणीचा, शोशम्माचा, नमस्कार आणि प्रभूची स्तुती. भिलाईत उन्हं तापली असतील. आपल्या दाजींचे, अच्चायनांचे, गुडघे कसे आहेत? (त्यांना म्हणावं, चर्चमध्ये बाकावर बसून राहिलात तरी देव रागावत नाही. हे मी माझ्या मनाचं सांगतेय, आपल्या पाद्री अच्चनना विचारायला जाऊ नका.) आई, आपली अम्मच्ची, ठीक आहे. मी ठीक नाही. आज दिवसभर चर्चमध्ये होते, जमिनीला कपाळ टेकवायची आणि दर वेळी तोंडात प्रभूच्या ऐवजी इट्टीचं नाव यायचं. शेवटी प्रभूच्या क्रूसाची आठवण म्हणून दिलेला कडू घोट सगळ्यांनी तोंड वाकडं करून प्यायला, मला मात्र तो गोड लागला. एवढी मी संतापलेली आहे.

तुला आठवतच असेल, गेल्या वर्षी आपले वडील, अप्पच्चन, गेल्यामुळे आपल्या घरी पेसहाचा, म्हणजे प्रभूच्या शेवटच्या भोजनाच्या गुरुवारचा, बिनखमिराचा अप्पम भाजला नव्हता. सुतकाच्या घरी शेजारी आणून देतात, तसे त्यांनी दिले, आणि प्रत्येकाचा तुकडा खाताना अम्मच्ची एकच म्हणत होती, की पुढच्या वर्षी आपल्या चुलीवर. आता ते वर्ष आलं. तांदूळ-उडीद वाटून झाले, झावळीच्या रविवारी चर्चमधून आणलेल्या पात्यांचा क्रूस करून ठेवला, आणि मग प्रश्न आला की कापणार कोण. घरातल्या थोरल्या पुरुषाने कापायचा. आपल्या घरात आता थोरला म्हणा, धाकटा म्हणा, पुरुष एकच, आपला भाऊ इट्टी. आणि तो तर आपलं चर्च सोडून त्या सभेत गेलेला, जिथे पुस्तकात लिहिलंय तेवढंच खरं आणि बाकी सगळा माणसांचा कचरा.

मी त्याच्या घरी गेले. (चालत गेले, भर उन्हात, कारण अम्मच्चीने सांगितलं होतं की भांडू नकोस, आणि मला वाटलं चालून दमले तर भांडणार नाही.) त्याने माझं बोलणं पुरतं ऐकूनही घेतलं नाही. म्हणाला, "कोच्चेच्ची, मला पुस्तकात दाखव. नारळाचं दूध, गूळ, झावळीचा क्रूस, कुठल्या अध्यायात आहे?" मी म्हटलं, तू सकाळी चहा पितोस तो कुठल्या अध्यायात आहे? रविवारी तुम्ही सगळे बगळ्यांसारखे पांढरे होऊन जाता, ते कुठे लिहिलंय? त्यावर तो नुसता हसला. तेच ते हसू गं, चेच्ची, लहानपणी कैऱ्या चोरून पकडला गेला की हसायचा ते. मग मी खुर्चीचा विषय काढला. त्यांच्या सभेत सगळे चटईवर बसतात आणि पुढे एक वेताची खुर्ची रिकामी असते. म्हातारे उपदेशक वारले तेव्हापासून तिच्यावर कुणी टेकत नाही, रोज पुसतात मात्र. मी विचारलं, का रे? इट्टी म्हणाला, "पहिल्यापासून तसंच आहे." बोलून गेला आणि मग स्वतःचंच बोलणं त्याच्या कानावर पडलं. कान लाल झाले. आणि मला परूशी, म्हणजे रूढीला चिकटलेली ढोंगी, म्हणाला! मोठ्या बहिणीला!

तिथून तडक अच्चनकडे. म्हटलं, इट्टी येत नाही, मीच कापते, घर मी चालवते, अम्मच्चीला मी बघते. अच्चन म्हणाले बायका कापत नाहीत. का? "पहिल्यापासून तसंच आहे." (शप्पथ! तेच शब्द! दोघांनी एकाच विहिरीचं पाणी प्यायलं असावं.) मी म्हटलं, अच्चा, बाईने कापू नये असं पुस्तकात तर कुठे नाही. तर दाढीवरून हात फिरवत म्हणाले, "शोशम्मे, तूही इट्टीच्या वाटेला लागलीस वाटतं?" म्हणजे बघ, सकाळी मी रूढीची गुलाम आणि दुपारी पुस्तकवाली पाखंडी. आणि वर त्यांनी निरोप कुणाला धाडावा? पोथनला! आपला चुलतभाऊ पोथन, ज्याने अप्पच्चनच्या हयातीतच आपल्या जमिनीत त्याचं कुंपण हातभर सरकवलं. का, तर तो पुरुष आहे आणि घराण्यातला आहे.

काल संध्याकाळी पोथन कडक इस्त्रीचं मुंडू नेसून, वर्तमानपत्रात स्वतःची सुरी गुंडाळून हजर. त्याच वेळी इट्टी अम्मच्चीच्या रक्तदाबाच्या गोळ्या घेऊन आला आणि पायरीवरच थांबला. अम्मच्चीने आतून हाक मारली, "ये रे, काप." तो म्हणाला, "अम्मच्ची, त्याच्यावर क्रूस आहे." ती म्हणाली, "क्रूसच आहे ना, साप नाही." पोथन मध्येच म्हणाला, मी कापतो की. अम्मच्ची म्हणाली, "तू आधी कुंपण मागे घे, मग सुरी पुढे कर." इट्टीने गोळ्या कठड्यावर ठेवल्या, मी प्रार्थना करेन म्हणाला आणि वळला. मग माझा स्वतःवरचा ताबा सुटला. आईचा मान राख असं तुझ्या पुस्तकात आहे, ते पान फाडलंस का रे, असं मी ओरडले. पलीकडच्या घरातली प्रार्थना थांबली. तो मात्र थांबला नाही.

 अम्मच्चीने शांतपणे आपली सुरी घेतली, क्रूस बाजूला काढला आणि अप्पम कापला. एकसारखे तुकडे. पोथनचं तोंड उघडंच. ती म्हणाली, "तुमच्या अप्पच्चनचे हात थरथरायला लागले तेव्हापासून मीच कापते. स्वयंपाकघरातूनच कापून, जुळवून आणायची. ते वरून नुसती सुरी फिरवायचे. तुम्ही सगळे डोळे मिटून प्रार्थनेत."

मी म्हटलं, मग इट्टीसाठी एवढा हट्ट कशाला? मला का उन्हातान्हात फिरवलंस?

दूध वाढता वाढता ती म्हणाली, "सुरी धरायच्या निमित्ताने पोरगा टेबलाशी बसला असता."

चेच्ची, मी ताटल्या पुढे केल्या. एक तुकडा तिने केळीच्या पानाखाली झाकून ठेवला. कुणासाठी, हे विचारायची गरज नव्हती. पोथनने चार खाल्ले. आज मला इट्टीचा राग आहे, अच्चनचा राग आहे, पोथनचा तर आहेच, आणि अम्मच्चीचाही आहे, कारण इतकी वर्षं मी खरंच डोळे मिटत होते.

मुलांना पापे.

तुझी उपाशी,
शोशम्मा

ता. क. शनिवार. पत्र टाकायचं राहिलं, म्हणून लिहिते. सकाळी इट्टी आला. गोळ्या बरोबर घेतल्यास का, एवढंच विचारायला, म्हणे. अम्मच्चीने पान उचललं, "कडेचा तुकडा आहे, क्रूस लागलेला नाही, तपासून घे." त्याने उभ्याउभ्या खाल्ला. मग दूध मागितलं. मग बसला. कुठे लिहिलंय हे त्याने विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही.

ता. क. पुन्हा. खरं काम हे, की तुझी बिनकाठाची पांढरी साडी लगेच पाठव. इट्टी आपल्या टेबलाशी बसला म्हणून अम्मच्चीने त्याला शब्द दिलाय, की पुढच्या महिन्यात एक रविवार ती त्याच्या सभेत येईल. सोबत मला जायचंय. चटईवर बसायला तिचे गुडघे नाहीत. तिने इट्टीला एवढंच विचारलं, "तिथे एक खुर्ची रिकामी असते म्हणे?" त्याचे कान पुन्हा लाल झाले. अच्चनच्या कानावर घालू नकोस. खुर्चीचं काय होईल मला माहीत नाही, पण अम्मच्चीने बसायची उशी काढून उन्हात टाकली आहे.