मूठभर वाळू, अख्खा वॉर्ड

२ डिसेंबर
क्रांतीनं ग्रामपंचायतीचा फॉर्म भरला. माझी धाकटी बहीण. नवरा मारतो म्हणून दोन वर्षं माहेरी, चंदगडाकडं. आमचे वडील, अण्णा, फोनवर म्हणाले, निवडून आली तर मानानं ऱ्हाईल, पडली तर कुरुंदवाडला नांदायला जाईल. लोकांची तोंडं किती दिवस धरू? मी म्हटलं, अण्णा, ते माझ्यावर सोडा. इथं राजकोटात बसून निवडून आणतो. सायन्सनं.

४ डिसेंबर
आमच्या फौंड्रीत लॅबवाले साहेब साच्यांची मूठभर वाळू तपासतात आणि ट्रकभर पास करतात. तेच राजकारणाला लावायचं. गावात सगळे कट्ट्यावर अंदाज ठोकतात, पुरावा कुणाकडंच नाही. वॉर्डात ३१२ मतं. चाळीस फोन बास. शाळा सातवीत सुटली, डोकं नाही.

७ डिसेंबर, जेवणाची सुट्टी
चाळीसपैकी सदतीस 'व्हय'. चिमणाबाई म्हणाली, इचारतोस काय लेका, आपलीच पोर हाय की! हंबीरतात्यानं उलटं विचारलं, पावणं, गावाकडं कवा? किती माया! मोनाकाकीनं मध्येच फोन कट केला. रेंज नसेल.

९ डिसेंबर
क्रांती म्हणाली, दादा, उद्यापासनं घरोघर जाते, म्हाताऱ्यांच्या पाया पडते. नको म्हटलं. सॅम्पलला हात लावला की रिझल्ट बिघडतो, साहेब रोज ओरडतात. ती म्हणाली, आपल्यात असं चालत न्हाय. मी आवाज चढवला. ऐकलं बिचारीनं.

१४ डिसेंबर
समोरची बाई तिसऱ्यांदा घरोघर फिरली म्हणे. घाबरलीय. मी मतदानाला सुट्टी टाकली नाही. एका मतानं काय होतंय?

२० डिसेंबर
निकाल. क्रांतीला ४६.
सॅम्पल छोटा पडला असणार.

२१ डिसेंबर
चिमणाबाईला फोन लावला. म्हणाली, फोनवर कुणाला न्हाय म्हणायचं रं? पोर उंबऱ्यावर एकदाबी आली न्हाय. ओटीला नारळ आणून ठेवला हुता, तसाच हाय.
चाळीस फोन केले. हे एकानंही सांगितलं नाही.
मी विचारलंच नव्हतं.

२३ डिसेंबर
साहेब म्हणतात, प्रयोग चुकला तर परत करायचा. पाच वर्षांनी ही जागा बायकांसाठी राखीव राहीलच असं नाही.
क्रांतीचा एसटीतनं फोन आला. कुरुंदवाडला निघालेली. म्हणाली, दादा, तुझी चूक न्हाय, तू लांब हुतास. मी म्हटलं, पोचल्यावर फोन कर.
म्हणाली, तिथं फोन काढून घेत्यात.